मराठी मुलांचें इंग्रजी वाचन



लहान मुलाला वाचावयास शिकविणें ही गोष्ट वरवर पाहतां साधी वाटते. अक्षरें ओळखावयाचीं, तीं जुळवावयाचीं आणि शब्द म्हणावयाचा, एवढीच ती कृति. परंतु जी भाषा मुलाच्या घरांत, आळींत किंवा शेताच्या बांधावर कोणीच बोलत नाहीं, त्या भाषेंतलें वाचन त्याला शिकवावयाचें म्हटलें म्हणजे हीच साधी गोष्ट अवघड होऊन बसते. महाराष्ट्रांतील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जाऊं लागला. तत्पूर्वीं तो पांचवींत सुरू होत असे. पांचवींतला मुलगा दहा वर्षांचा असे, मराठी वाचनांत तो मुरलेला असे, आणि व्याकरणाची तोंडओळखही त्याला झालेली असे. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांचीही पूर्वतयारी अशीच होती. आतां मात्र सहा वर्षांचें मूल एकाच वर्षीं दोन लिप्यांच्या उंबरठ्यावर उभें राहतें. हा बदल इष्ट कीं अनिष्ट, हा वाद आज मी उकरून काढीत नाहीं. मूल वर्गांत येऊन बसलेंच आहे. तर त्याला इंग्रजी वाचन कसें शिकवावें, एवढाच माझा आजचा विषय आहे.

प्रथम नेहमींचा परिपाठ पाहूं. मुलें सव्वीस अक्षरांचीं नांवें क्रमानें पाठ करतात. पुढें चित्र पाहून ‘सी, ए, टी, कॅट, कॅट म्हणजे मांजर’ असा घोष सुरू होतो. घोषाला सूर असतो, ठेका असतो, आणि चाळीस मुखांतून तो एकदम उमटला म्हणजे ऐकणाराला वर्ग मोठा तयार वाटतो. पण यांतील एकाच मुलाला जवळ घेऊन, चित्र हातानें झांकून, तोच शब्द निराळ्या ओळींत दाखविला तर तें पुष्कळ वेळां गप्प बसतें. त्याला शब्द वाचतां येत नव्हता. त्याला चित्र व ठेका यांची आठवण होती. स्मरणशक्ति चांगली असेल तर अशा मुलाचें दोन-तीन वर्षें निभावतें, कारण पाठ्यपुस्तकांतले धडे तोंडपाठ होण्याइतके लहान असतात. धडे लांबले कीं स्मरण अपुरें पडतें, आणि मग ‘हा मुलगा इंग्रजींत कच्चा आहे’ असा शिक्का त्याच्यावर बसतो.

या स्थितीचें माप आपल्यापुढें आहे. २०२३ सालीं ‘असर’ या नांवाच्या पाहणींत देशांतील २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना वाचावयास दिलें. त्यांतील सुमारें ५७ टक्क्यांना इंग्रजी वाक्यें वाचतां आलीं. आणि ज्यांना वाचतां आलीं त्यांपैकींही सुमारें तीन-चतुर्थांशांनाच त्यांचा अर्थ सांगतां आला. म्हणजे शंभरांतील बेचाळीसांच्या आसपास मुलेंच इंग्रजी वाक्य समजून वाचीत होतीं. त्याच पाहणींत सुमारें पाव हिस्सा मुलांना स्वतःच्या प्रांतभाषेंतला दुसरीच्या इयत्तेचा उताराही अस्खलित वाचतां आला नाहीं. इंग्रजी वाचनाचा प्रश्न मातृभाषेच्या वाचनापासून तोडून सोडवितां येणार नाहीं, हें या शेवटच्या आंकड्यावरून दिसून येईल.

आतां वाचन म्हणजे काय, याचा थोडा विचार करूं. १९८६ सालीं गफ आणि टन्मर या दोन अभ्यासकांनीं एक सुटसुटीत विवरण मांडलें. वाचनांत दोन शक्ति काम करतात: लिहिलेल्या चिन्हांवरून शब्द ओळखण्याची एक, आणि तो शब्द कानीं पडला असतां समजण्याची दुसरी. या दोहोंची बेरीज होत नसून त्यांचा गुणाकार होतो, असें त्यांचें म्हणणें आहे. गुणाकारांत एक संख्या शून्य असली तर दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच येतें. लंडनमधल्या सहा वर्षांच्या मुलाची दुसरी संख्या मोठी असते. हजारों शब्द ऐकून, बोलून तें शाळेंत येतें, आणि ‘कॅट’ हा शब्द त्यानें एकदां उलगडला कीं मांजर आपोआप डोळ्यांपुढें उभें राहतें. भंडाऱ्याच्या किंवा सावंतवाडीच्या मुलाची दुसरी संख्या आरंभीं अत्यंत लहान असते. म्हणून इंग्लंडांतली पद्धति जशीच्या तशी उचलून आपलें काम भागत नाहीं. दोन्ही संख्या आपल्याला बरोबरीनें वाढवाव्या लागतात.

पहिल्या शक्तीकडे, म्हणजे चिन्हांवरून शब्द ओळखण्याकडे, आधीं वळूं. इंग्रजी लेखनाची अडचण खुद्द इंग्रजी बोलणाऱ्या मुलांनाही भोंवते. युरोपांतील तेरा भाषांमधल्या मुलांचा एक तौलनिक अभ्यास २००३ सालीं प्रसिद्ध झाला. शाळेच्या पहिल्या वर्षाअखेर फिनलंड, ग्रीस, इटली, स्पेन येथील मुलें आपल्या भाषेंतले साधे शब्द शेंकडा नव्वदांहून अधिक बरोबर वाचीत होतीं. इंग्रजी शिकणारीं स्कॉटलंडमधलीं मुलें मात्र शेंकडा चौंतीसच. याचें कारण मुलांच्या बुद्धींत नाहीं. तें इंग्रजीच्या इतिहासांत आहे. कॅक्स्टननें १४७६ च्या सुमारास वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला, आणि शब्दांचीं रूपें हळूहळू स्थिर होऊं लागलीं. नेमक्या त्याच शतकांत व पुढच्या दोन शतकांत इंग्रजांचे स्वरोच्चार पार पालटत होते. लेखन जुन्या उच्चाराला चिकटून राहिलें आणि जीभ पुढें निघून गेली. ‘नाइफ’ या शब्दाच्या आरंभींचें ‘के’ हें अक्षर पूर्वीं खरोखर उच्चारलें जात असे. आज तें नुसतें मुकाट बसून असतें. चव्वेचाळीसांच्या आसपास ध्वनि आणि अक्षरें मात्र सव्वीस, असा हा मेळ आहे. त्यांतच प्रत्येक अक्षराचीं मोठें व लहान अशीं दोन रूपें. म्हणजे मुलाला बावन्न आकृति ओळखाव्या लागतात.

असें असलें तरी इंग्रजी लेखन अगदींच बेबंद नाहीं. नियमानें चालणारे शब्द पुष्कळ आहेत, आणि आरंभ त्यांपासूनच केला पाहिजे. अमेरिकेंत नेमलेल्या राष्ट्रीय वाचन मंडळानें २००० सालीं दिलेल्या अहवालांत, ध्वनि व अक्षर यांचें नातें पद्धतशीरपणें शिकविल्यानें आरंभींचें वाचन सुधारतें, असा निष्कर्ष काढला आहे. येथें मराठी मुलाजवळ एक मोठी शिदोरी आहे, आणि ती आपण बहुधा वापरीतच नाहीं.

मराठी अक्षर व्यंजन आणि स्वर मिळून बनतें. ‘क’ म्हटलें कीं त्यांत ‘अ’ मिसळलेला असतोच. म्हणून ‘बॅट’ या शब्दाचे तुकडे पाडावयास सांगितले तर मराठी मूल ‘बॅ’ आणि ‘ट’ असे दोन तुकडे पाडतें. इंग्रजी लेखनाला तीन तुकडे हवे असतात. हा तिसरा तुकडा मुलाला कसा ऐकूं यावा? त्याचें उत्तर आपल्या बाराखडींत आहे. ब, बा, बि, बी, बु, बू म्हणतांना ओठ प्रत्येक वेळीं तसेच मिटतात आणि पुढचा स्वर तेवढा बदलतो, हें मुलाला आरशांत पाहूनही कळतें. पाय मोडलेला ‘ब्’ फळ्यावर लिहावा, त्यापुढें डोक्यावरच्या अर्धचंद्राचा ‘ॲ’ लिहावा, आणि शेवटीं पाय मोडलेला ‘ट्’ लिहावा. हे तिन्ही सावकाश, मग भरभर उच्चारले कीं ‘बॅट’ तयार होते. ‘घर’ हा शब्द आपण ‘घर्’ असाच उच्चारतों, शेवटचा ‘अ’ गिळतों, हेंही मुलाच्या ध्यानीं आणून द्यावें. म्हणजे सुट्या व्यंजनाचा ध्वनि त्याच्या जिभेवर आधींपासूनच आहे. त्याची जाणीव तेवढी करून द्यावयाची असते.

मराठी अक्षराचें नांव आणि त्याचा ध्वनि एकच असतो; इंग्रजींत तसें नाहीं. ‘डब्ल्यू’ या नांवांत त्याच्या ध्वनीचा मागमूसही नाहीं, आणि ‘एच’ या नांवावरून ‘हॅट’ मधला ‘ह्’ कोणालाच सुचणार नाहीं. ‘सी, ए, टी’ हीं नांवें कितीही वेगानें म्हटलीं तरी त्यांतून ‘कॅट’ निघत नाहीं. म्हणून आरंभीं अक्षराचा ध्वनि शिकवावा. नांव मागाहून आलें तरी चालतें. वर्णमालेचा क्रमही येथें उपयोगाचा नाहीं. इंग्लंडमध्यें २००७ सालीं शाळांसाठीं जी ध्वनिशिक्षणाची योजना प्रसिद्ध झाली तिचा आरंभ एस, ए, टी, पी, आय आणि एन या सहा अक्षरांनीं होतो. एवढ्या सहांतच टॅप, पॅन, पिन, टिन, सिट असे किती तरी शब्द बनतात, आणि आठ-पंधरा दिवसांतच मुलाला आपण वाचूं लागल्याचा आनंद मिळतो. ‘बी’ आणि ‘डी’ हीं आरशांतल्या प्रतिबिंबासारखीं अक्षरें लागोपाठ शिकवूं नयेत. त्यांत मुलें घोटाळतात तें स्वाभाविक आहे. त्याबद्दल रागें भरण्याचें कारण नाहीं.

शब्द कोणते निवडावे? येथें मला एक सूचना करावीशी वाटते. जे इंग्रजी शब्द मराठींत केव्हांच रुळले आहेत, त्यांवरच पहिली वाचनमाला उभारावी. बस, कप, टब, रन. पेन, नेट, बेल्ट, टेंट. बॅट, कॅप, गॅस. पिन, टिन, हिट. टॉप, बॉक्स, स्टॉप. हे शब्द आजीलाही ठाऊक असतात. पाहा, या पांच गटांत इंग्रजीचे पांचही ऱ्हस्व स्वर येऊन गेले. क्रिकेट खेळणाऱ्या पोराला बॅट, रन, हिट, नेट आणि स्टंप यांचा अर्थ सांगावा लागत नाहीं. गुणाकारांतली जी दुसरी संख्या आपण मघां लहान म्हटली, ती निदान या शब्दांपुरती भरलेली असते, आणि मुलाचें सारें लक्ष चिन्हांवर राहूं शकतें. दोन ओझीं एकदम उचलावयास लावण्यापेक्षां एक आधीं खालीं ठेवणें हें शहाणपणाचें.

पुढच्या पायरीवर शब्दाच्या शेवटीं येणारें मूक ‘ई’ भेटतें. ‘कॅप’ पुढें तें बसलें कीं ‘केप’ होतो, ‘पिन’ पुढें बसलें कीं ‘पाइन’, ‘टब’ पुढें बसलें कीं ‘ट्यूब’. शेवटचें अक्षर मधल्या स्वराला कसें बदलतें, याचें मुलांना आश्चर्य वाटतें. पण मराठी मुलानें याहून अवघड गड आधींच सर केलेला असतो. ‘पिन’ हा शब्द मराठींत लिहितांना वेलांटी ‘प’च्या आधीं काढतात आणि उच्चारतात मात्र ‘प’च्या नंतर. ‘पर्वत’ या शब्दांतला रफार ‘व’च्या डोक्यावर बसतो आणि उच्चार मात्र त्याच्या आधीं होतो. चिन्हाची जागा आणि उच्चाराची जागा निराळी असूं शकते, हा धडा देवनागरीनें त्याला दिलेलाच आहे. शिक्षकानें त्याची आठवण तेवढी करून द्यावी. तसेंच ‘चाक’ आणि ‘चंद्र’ यांतले दोन ‘च’, किंवा ‘जाळें’ आणि ‘जीवन’ यांतले दोन ‘ज’, एकाच चिन्हानें लिहून आपण निराळे उच्चारतों. एका चिन्हाचे दोन ध्वनि हा प्रकारही मग त्याला परका वाटत नाहीं.

कांहीं शब्द नियमांत बसत नाहींत आणि तेच नेमके पदोपदीं येतात: ‘वॉज’, ‘सेड’, ‘वन’, ‘टू’ यांसारखे. एडवर्ड डॉल्च या अमेरिकन अध्यापकानें १९३६ सालीं वारंवार येणाऱ्या २२० शब्दांची यादी केली होती. तींत असे शब्द पुष्कळ आहेत. हे शब्द आठवड्याला दोन-तीन याप्रमाणें नजरेनें ओळखावयास शिकवावे, आणि शब्दाचा कोणता भाग नियमाप्रमाणें आहे व कोणता वांकडा आहे तेंही दाखवावें. सगळेच शब्द चित्रासारखे पाठ करावयास लावणें म्हणजे मुलाच्या स्मरणावर न पेलणारा भार घालणें होय.

डोळ्यांच्या आधीं कान तयार व्हावे लागतात, ही गोष्टही विसरूं नये. मराठी बोलण्यांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद क्वचितच अर्थ बदलतो. इंग्रजींत ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी. ‘पेन’ व ‘पॅन’, ‘बेड’ व ‘बॅड’ यांचेंही तसेंच. मराठी मुद्रणानें ‘व्हॅन’ साठीं ‘व्ह’ आणि ‘वॉच’ साठीं ‘व’ असा भेद केव्हांच मान्य केला आहे. तो कानांना व ओठांना शिकविणें बाकी असतें. शिक्षकानें दोन शब्द उच्चारावे आणि ते सारखे कीं निराळे हें मुलांनीं हात वर करून सांगावें. या खेळाला पुस्तक लागत नाहीं, पांच मिनिटांहून अधिक वेळही लागत नाहीं.

आतां दुसऱ्या शक्तीकडे, म्हणजे अर्थाकडे, येऊं. घरीं निराळी भाषा बोलणाऱ्या मुलांच्या इंग्रजी शिक्षणाविषयीं अमेरिकेंतल्या एका अभ्यासक-मंडळानें २००६ सालीं विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. ध्वनि-अक्षरांचें शिक्षण या मुलांनाही लाभतें, परंतु तोंडी इंग्रजीची जोड नसेल तर समजून वाचण्याच्या बाबतींत तीं मागें पडतात, आणि मातृभाषेंतलें वाचन पक्कें असणें त्यांना साह्यकारी होतें, असा त्याचा आशय आहे. यावरून आपल्याला व्यवहाराचे दोन नियम मिळतात. पहिला असा कीं, जें वाक्य मुलानें ऐकलेलें नाहीं, बोललेलें नाहीं, तें त्याच्यापुढें वाचावयास ठेवूं नये. शिक्षकानें रोज एक लहानशी गोष्ट चित्रें दाखवीत, हावभाव करीत, इंग्रजींत वाचून दाखवावी. तीच गोष्ट चार दिवस वाचावी. मुलांना पुनरुक्तीचा कंटाळा येत नाहीं; उलट पुढचें वाक्य आपणच म्हणून टाकण्यांत त्यांना गंमत वाटते. अर्थ अडला तर तो मराठींत सांगण्याचा संकोच मुळींच बाळगूं नये. जें मूल मराठींत समजलें, तें समजलेंच.

दुसरा नियम मराठीच्या वाचनाचा. वाचन ही कला मूल एकदांच शिकतें. ओळीमागून ओळ डोळ्यांनीं पकडणें, पुढें काय येईल याचा अंदाज बांधणें, न कळलें तर मागें वळून पाहणें, हें सर्व एका भाषेंत साधलें कीं दुसऱ्या भाषेंत कामीं येतें. म्हणून मराठीचा तास कापून इंग्रजीला देणारी शाळा इंग्रजीचेंच नुकसान करीत असते. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या डोंगराळ भागांतल्या मुलांचा विचार येथें वेगळा केला पाहिजे. भिली, पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. त्याच्या बोलींतल्या शब्दांवरून अक्षरओळख न करतां दोन परक्या भाषा त्याच्यावर एकदम लादल्या, तर शाळा म्हणजे न समजणाऱ्या आवाजांची जागा, अशीच त्याची समजूत होईल.

येथें शिक्षक विचारतील कीं, चाळीस मुलें आणि एक तास, यांत हें कसें बसावें? प्रश्न रास्त आहे. दहा मिनिटें ध्वनींचा खेळ व नवें अक्षर, दहा मिनिटें पाटीवर श्रुतलेखन, दहा मिनिटें गोष्ट, आणि उरलेल्या वेळांत मुलांनीं जोडीजोडीनें एकमेकांना वाचून दाखवावें. त्या वेळीं शिक्षकानें रोज पांच-सहा मुलांना एकेकटें वाचावयास लावावें. म्हणजे आठवड्या-दीड आठवड्यांत प्रत्येक मुलाची पाळी येते. सामुदायिक घोषांत दडलेलें मूल असें एकेकटें ऐकल्यावांचून सांपडत नाहीं. श्रुतलेखनही ऐकलेला ध्वनि अक्षरांत उतरविण्यासाठीं असावें, पाठ केलेलें स्पेलिंग तपासण्यासाठीं नसावें.

ज्या आईबापांना इंग्रजी येत नाहीं, त्यांना वाटतें कीं या कामीं आपला कांहीं उपयोग नाहीं. हा समज खरा नाहीं. त्यांनीं मुलाला शेजारीं बसवून पानभर वाचावयास सांगावें, बोट शब्दांवरून फिरतें आहे ना तें पाहावें, आणि शेवटीं एकच प्रश्न विचारावा: ‘यांत काय सांगितलें आहे, तें मला मराठींत सांग.’ मूल सांगूं लागलें तर तें वाचीत आहे. तें गोंधळलें तर रागावूं नये. दुसऱ्या दिवशीं शिक्षकांना तेवढें कळवावें. ‘फाडफाड वाचतो’ या गोष्टीवर संतुष्ट होऊन बसणारा सुशिक्षित बाप आणि अर्थ विचारणारी निरक्षर आई, यांत मुलाच्या वाचनाला अधिक साह्य आईचेंच होतें.

या प्रश्नाची निकड सरकारी धोरणापुरतीच नाहीं. तिसरी-चौथींत कोठें तरी एखादें मूल मनाशीं ठरवून टाकतें कीं, हें आपल्याला जमणारें नाहीं. तें ओरडून सांगत नाहीं. मागच्या बांकावर सरकतें, घोषांत ओठ हलवितें, आणि वर्षें पुढें ढकलतें. पुढें सेमी-इंग्रजीच्या वर्गांत गणित आणि विज्ञान इंग्रजींतून आलें कीं, ज्या विषयांत त्याची बुद्धि चालत होती तेही त्याला बंद होतात. अशा मुलांत पुष्कळ हुशार मुलें असतात. त्यांना ‘ब्’, ‘ॲ’, ‘ट्’ या तीन ध्वनींची सांगड कोणीं वेळेवर घालून दिली नाहीं, एवढाच त्यांचा अपराध असतो.

म्हणून वर्षाअखेरची परीक्षा मी अगदीं साधी सुचवीन. शिकविलेल्या ध्वनींच्या शब्दांनीं बनलेल्या पांच ओळी घ्याव्या. त्या मुलानें पूर्वीं कधीं पाहिलेल्या नसाव्या, आणि त्यांना चित्र नसावें. मुलाला एकटें बसवून त्या वाचावयास सांगाव्या, आणि काय वाचलें तें त्याच्या स्वतःच्या बोलींत विचारावें. पहिलीच्या वर्षीं दोन ओळी साधल्या तरी समाधान मानावें. दुसरीच्या वर्षीं पांच साधाव्या. ज्या शाळेंतलें शेवटच्या बांकावरचें मूल ही परीक्षा उतरेल, त्या शाळेनें इंग्रजी वाचन शिकविलें असें म्हणावयास हरकत नाहीं.